ग्रुप बंद करा, फोन चालू ठेवा

पत्र

नमस्कार. मी राजेंद्रनगरात राहते, शाळेतून निवृत्त झाले आहे. आमच्या महिला मंडळातल्या आम्ही चौघीजणी देपालपूर आणि सांवेर तहसिलीतल्या काही गावांत जाऊन गरोदर बायकांना आणि बाळंतिणींना भेटतो. दर आठवड्याला जाणं होत नाही, म्हणून मागच्या वर्षी त्यांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप केला. रोज सकाळी स्तनपानाबद्दल एखादा संदेश किंवा व्हिडिओ टाकतो. उत्तरादाखल जोडलेल्या हातांची चित्रं येतात, बाकी काही नाही. मध्यंतरी गावात गेलो तेव्हा कळलं की ग्रुपमधल्याच एका मुलीने दीड महिन्याच्या बाळाला बाटली लावली आहे. म्हणाली, दूध पुरत नव्हतं. ग्रुपवर विचारलं का नाहीस, तर म्हणाली की नंबर नवऱ्याचा आहे, तो पीथमपूरला कामाला जातो, फोन त्याच्याच खिशात असतो. मला फार वाईट वाटलं. आता मैत्रिणी म्हणतात, हे काम फोनवर होण्यासारखं नाही, बंद करून टाकू. शिवाय आम्ही कोणी डॉक्टर नाही. त्या मालवी बोलतात, आमची हिंदी शहरातली. चुकून काही उलटसुलट सांगितलं गेलं तर? काय करावं?

— एक वाचक, इंदूर

उत्तर

प्रिय ताई,

ग्रुप बंद करा. फोन मात्र बंद करू नका.

मैत्रिणींचा वैताग मला समजतो, पण तुमचा अनुभव फोनबद्दल काहीच सिद्ध करत नाही. तुम्ही फोनवरून पाठवलंत. फोनवरून ऐकायचं राहून गेलं. गावातली वीस-बावीस वर्षांची सून, जिच्या घरात सासऱ्यासमोर पदर डोक्यावरून खाली येत नाही, ती कोणाकोणाच्या नवऱ्यांचे नंबर असलेल्या ग्रुपवर ‘माझ्या स्तनाला भेग पडलीये’ असं लिहील, ही अपेक्षाच करता येत नाही. ती हात जोडेल. तेवढंच तिला करता येण्यासारखं आहे.

हा फरक मोठाल्या योजनांतही दिसला आहे. केंद्र सरकारची ‘किलकारी’ सेवा तुम्हाला माहीत असेल. 2016च्या जानेवारीत ती देशपातळीवर सुरू झाली. गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून बाळ वर्षाचं होईपर्यंत दर आठवड्याला एक ध्वनिमुद्रित फोन येतो आणि ‘डॉक्टर अनिता’ आईशी बोलतात. काम चांगलं आहे, आवाज आपुलकीचा आहे. तिची शास्त्रीय चाचणी आपल्या मध्य प्रदेशातल्याच चार जिल्ह्यांत झाली. कुटुंबनियोजनाची साधनं वापरण्यात फरक आढळला, पण बाळाला पाजण्याच्या सवयींमध्ये म्हणावा असा फरक दिसला नाही. उलट नागपुरात डॉ. अर्चना पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेलं काम बघा. त्यांच्याकडे प्रशिक्षित समुपदेशक गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांपासून बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत दर आठवड्याला प्रत्येक आईला स्वतः फोन करत, जोडीला रोजचे लघुसंदेशही होते. सहाव्या महिन्यापर्यंत केवळ आईच्याच दुधावर असलेल्या बाळांचं प्रमाण या गटात, असे फोन न आलेल्या दुसऱ्या गटाच्या जवळजवळ दुप्पट निघालं. 2018 साली हे प्रसिद्ध झालं. दोन्ही ठिकाणी साधन फोनच होतं. पण एका ठिकाणी आई ऐकत होती आणि दुसऱ्या ठिकाणी तिचं कोणीतरी ऐकत होतं. नागपूरच्या बायका शहरातल्या रुग्णालयांत नोंदवलेल्या होत्या, तुमच्या गावांतल्या नव्हेत, एवढं लक्षात ठेवूनही मला त्यातून तुमच्यासाठी वाट दिसते.

त्याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट फार बोलकी आहे. जन्मानंतर पहिल्या तासात अंगावर घेण्याच्या बाबतीत फोनमुळे काही फरक पडला नाही. का, ते मला वाटतं उघड आहे. त्या तासात फोन आईच्या हातात नसतो आणि निर्णयही तिच्या हातात नसतो. तो नर्सबाईंच्या, नाहीतर बरोबर आलेल्या सासूच्या हातात असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019-21 मध्ये, देशातली 88.6 टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाली होती, पण तासाभरात आईच्या अंगावर गेलेली बाळं जेमतेम 41.8 टक्के. दवाखान्यात पोचूनही पहिलं दूध हुकतंय. म्हणून नवव्या महिन्यात एक फोन करायचा तो आईला नव्हे, तिच्याबरोबर दवाखान्यात जे माणूस जाणार आहे त्याला. ‘अम्माजी, बच्चा होते ही सिस्टर से कहना, माँ की छाती पर दे दो.’ एवढं एकच वाक्य. चीक पिवळा, चिकट आणि थोडासाच असतो, म्हणून तो पिळून टाकतात, घुट्टी किंवा मध चाटवतात. त्या आजीला सांगा की पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात मावतं ते चमचाभरच, आणि चीक असतो तेवढाच. मध तर वर्षाच्या आतल्या बाळाला देऊच नये, त्यातून विषबाधा होऊ शकते. आजीचा मान राखून सांगितलंत तर आजी ऐकते. माझ्या अनुभवात सुनेपेक्षा सासूला केलेला फोन जास्त उपयोगी पडला आहे, आणि तुम्ही वयाने त्यांच्या बरोबरीच्या आहात हे तुमचं बळ आहे. एखाद्या पंचविशीच्या कार्यकर्तीला ते मिळणार नाही.

आता फोन कोणाचा, हा प्रश्न. त्याच सर्वेक्षणात ‘स्वतः वापरते असा मोबाईल आहे’ असं सांगणाऱ्या बायका देशभरात 54 टक्के होत्या आणि मध्य प्रदेशात चाळीस टक्क्यांच्याही आत. त्यामुळे तुमच्या यादीतल्या नंबरांपैकी बरेचसे आईचे नाहीत हे धरूनच चला. यादी नव्याने करा. प्रत्येक आईच्या नावापुढे लिहा: फोन कोणाचा, तो घरी कधी असतो, घरात आणखी कोणाकडे फोन आहे, साधा आहे की मोठ्या पडद्याचा, आणि शेजारी अशी कोण आहे जिच्या फोनवर ही मोकळेपणाने बोलेल. नवरा पीथमपूरच्या पाळीवरून परततो ती वेळ तुमची वेळ. त्याच्याशी आधी दोन शब्द बोला, फोन का केलाय ते सांगा. बाळाची विचारपूस होतेय म्हटल्यावर फोन बायकोच्या हातात द्यायला बहुतेक नवरे नाही म्हणत नाहीत. एकदा द्यायची सवय झाली की पुढच्या वेळी तोच विचारतो, आज फोन नाही आला का. आणि किलकारीसाठी गरोदरपणाच्या नोंदणीत कोणाचा नंबर दिला होता, तेही आशा कार्यकर्तीकडून बघून घ्या. तिथे नवऱ्याचा असेल आणि आता घरात दुसरा फोन आला असेल तर बदलून मागता येईल.

रिचार्ज संपलेला असतो, हे गृहीत धरा. तुम्हीच फोन करायचा. तिला एवढंच सांगून ठेवायचं की अडलं तर मिस्ड कॉल दे, आम्ही लावतो. हा एक नंबर ठरलेला असू दे, चौघींनी तो दिवस वाटून सांभाळावा. मिस्ड कॉलला संध्याकाळपर्यंत उत्तर गेलंच पाहिजे. पहिल्या दोन वेळा उत्तर आलं नाही तर तिसऱ्यांदा ती करणार नाही.

केव्हा फोन करायचा हे आठवड्याच्या वारावर ठरवू नका, बाळाच्या वयावर ठरवा. आशा कार्यकर्ती दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी जाते. तुमचे फोन तिच्या भेटींच्या मधल्या जागेत बसवा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी स्तन दगडासारखे भरतात, बाळाला तोंडात धरता येत नाही, आई रडकुंडीला येते. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा सहाव्या आठवड्याच्या आसपास बाळ अचानक सारखं सारखं प्यायला मागतं, विशेषतः संध्याकाळी. नेमकं तेव्हाच घरातलं कोणीतरी म्हणतं, ‘इसका तो पेट ही नहीं भरता.’ तुमच्या त्या मुलीचं बाळ दीड महिन्याचंच होतं, बघा. त्या दोन-तीन संध्याकाळी कोणी तिच्याशी बोललं असतं तर बहुतेक बाटली आली नसती. आणखी एक वेळ म्हणजे सोयाबीनची काढणी आणि गव्हाची कापणी, जेव्हा तीन महिन्यांचं बाळ घरी ठेवून आई शेतात जाते. त्या आधीच्या आठवड्यात फोन करा आणि हाताने दूध कसं काढायचं, स्वच्छ वाटीत झाकून कसं ठेवायचं ते सांगा. साधारण तापमानात चार तासांपर्यंत ते चालतं. मार्च सरताना आपल्याकडे दुपार तापायला लागली की त्याहून कमी वेळ धरा आणि घरातल्या सर्वात गार कोपऱ्यात ठेवायला सांगा. पाजायचं वाटी-चमच्याने. बाटली नको, ती नीट धुतली जात नाही आणि बाळाला अंगावर ओढायचा कंटाळा यायला लागतो.

‘दूध पुरत नाही’ हा फोन तुम्हाला सर्वात जास्त येईल, म्हणून त्यावर जरा थांबते.

हे वाक्य ऐकल्याबरोबर ‘पुरतं गं, घाबरू नकोस’ म्हणू नका. तिला खोटं पाडल्यासारखं होतं. आधी विचारा, कशावरून वाटतं? ती म्हणेल, रडतं. रात्री झोपत नाही. स्तन मऊ पडलेत. हाताने दाबलं तर थेंब येत नाही. सासूबाई म्हणतात. या पाचांपैकी एकाही गोष्टीवरून दूध कमी आहे असं ठरत नाही. काही आठवड्यांनी स्तन मऊ होणं स्वाभाविक आहे, हाताला येतं त्याहून कितीतरी जास्त बाळाच्या तोंडाला येतं, आणि बाळं भुकेशिवाय शंभर कारणांनी रडतात. आता तुम्ही विचारायचे प्रश्न: चोवीस तासांत लंगोट किती वेळा ओला होतो? पहिला आठवडा उलटल्यावर सहा किंवा त्याहून जास्त वेळा, फिकट लघवी होत असेल तर बाळाला दूध मिळतंय. दिवसरात्र मिळून किती वेळा घेतेस? आठ ते बारा वेळा हवं, आणि रात्रीचं सोडायचं नाही, कारण पान्हा वाढवणारं संप्रेरक रात्री जास्त जोरात असतं. एक बाजू पूर्ण रिकामी झाल्यावर दुसरी देतेस, की घड्याळ लावून बदलतेस? पाणी, घुट्टी, ग्राईप वॉटर काही चालू आहे का? चालू असेल तर पोट त्यानेच भरतं, बाळ कमी ओढतं, आणि जेवढं कमी ओढेल तेवढं कमी बनतं. मे महिन्यातल्या इंदूरच्या उन्हातसुद्धा सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला पाणी लागत नाही. आईच्या दुधात जवळजवळ 88 टक्के पाणीच असतं. हे वाक्य तर आजीला स्पीकरवर ऐकवा.

मग सर्वात महत्त्वाचा प्रश्न: पाजताना दुखतं का? दुखत असेल, भेगा असतील, तर बहुधा बाळाने नुसतं बोंड धरलं आहे. तोंड मोठं उघडलं पाहिजे, हनुवटी स्तनाला टेकली पाहिजे, खालचा ओठ बाहेर वळलेला हवा, आणि काळसर भाग वरच्या बाजूने जास्त दिसला पाहिजे, खालून कमी. बाळाचं पोट आईच्या पोटाला चिकटलेलं हवं. हे शब्दांत सांगितलेलं कळतं, पण जमत नाही. इथे व्हिडिओ कामाला येतो, आणि रोज सकाळी सगळ्यांना नव्हे, ज्या आईला ज्या दिवशी अडलं त्या दिवशी तिला एकटीला. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात डॉ. रुपल दलाल यांच्या मार्गदर्शनाखाली स्तनपानावरच्या फिती तयार झाल्या आहेत. बाळाला कसं धरायचं, तोंडात कसं द्यायचं, ते त्यांत बारकाईने दाखवलंय, हिंदीत आणि मराठीतही. तुम्ही चौघींनी त्या आधी मराठीत नीट बघा, मग तिला हिंदीतली पाठवा.

व्हिडिओ कॉलबद्दल जपून. पाजतानाची आई पडद्यावर येणार आहे, तेव्हा त्या खोलीत कोण आहे, फोन कोणाचा आहे, हे आधी विचारा. तुमच्या बाजूलाही दाराला कडी हवी आणि घरातलं कोणी मागून जायला नको. कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर नको, बाळाच्या गालावर हवा. छायाचित्र मागू नका, कोणी पाठवलंच तर बघून लगेच पुसा आणि तिच्याही फोनमधून पुसायला सांगा. ती तयार नसेल तर आग्रह करू नका. एखादी कापडी बाहुली जवळ ठेवा आणि कसं धरायचं ते तुम्हीच पडद्यावर दाखवा. ती फोन भिंतीला टेकवून बघेल आणि तसं करेल. आशा घरी आलेली असतानाच कॉल लावता आला तर फारच उत्तम, मग बघायला तिचे डोळे आणि आधाराला तिचे हात मिळतात.

त्या बाटली लावलेल्या मुलीला फोन कराच, आणि बाटलीबद्दल एक शब्दही न बोलता सुरुवात करा. तिने बाळ उपाशी राहू नये म्हणून जे सुचलं ते केलं. आधी तिचं ऐका, किती झोपते, काय खाते, घरात मदत कोण करतं. अंगावरचं थोडं तरी चालू असेल तर वाट मोकळी आहे. प्रत्येक वेळी आधी अंगावर, दोन्ही बाजूंना, मग जे वरचं लागेल ते वाटी-चमच्याने. रात्री बाळ कुशीत. दूध हळूहळू वाढतं, तसं वरचं कमी करत जायचं. ते एकदम बंद करायला सांगू नका. अंगणवाडीत दर आठवड्याला वजन बघत राहायचं आणि हे आशा किंवा एएनएमच्या, म्हणजे सरकारी उपकेंद्रातल्या नर्सबाईंच्या, देखरेखीखालीच करायचं. याला काही आठवडे लागतात आणि दर वेळी पूर्ण यश येतं असं नाही. अर्धं दूध अंगावरचं मिळालं तरी ते बाळाच्या हिताचंच आहे, हे तिला स्पष्ट सांगा. नाहीतर ‘आता काय उपयोग’ म्हणून ती उरलंसुरलंही सोडून देईल.

आणि हो, तुमच्या जुन्या संदेशांत कुठे डब्याचं किंवा बाटलीचं चित्र, कंपनीचं नाव, ‘दूध वाढवणारी पावडर’ असं काही पुढे ढकललं गेलं असेल तर ते थांबवा. दोन वर्षांखालच्या मुलांच्या दुधाला पर्यायी पदार्थांची, बाळखाण्याची आणि बाटल्यांची जाहिरात करणं 1992च्या कायद्याने आणि 2003च्या दुरुस्तीने बंद आहे. अशा पावडरी ‘बाळतज्ज्ञांची शिफारस’ म्हणून ग्रुपांवर फिरतात आणि आपल्यासारख्या भल्या बायकाच त्या पुढे पाठवतात, याचा मला मनापासून राग येतो.

आम्ही डॉक्टर नाही, असं तुम्ही लिहिलंय. ही भीती चांगली आहे, तिला धरूनच काम करा. औषधाचं नाव कधीच सांगू नका, दूध वाढवायचं किंवा आटवायचं तर मुळीच नाही. आई काही मोठ्या आजाराची औषधं घेत असेल तर तो विषय डॉक्टरांचा. वेळेआधी जन्मलेल्या किंवा फार कमी वजनाच्या बाळाच्या बाबतीत दवाखान्याने सांगितलंय तसंच. आणि पुढची लक्षणं फोनजवळच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लावा: बाळ ओढेनासं झालंय, उठवूनही नीट जागं होत नाही, अंग गार पडलंय किंवा ताप आहे, श्वास भराभर चालतोय किंवा छाती आत खेचली जातेय, तळहात-तळपाय पिवळे दिसतायत, दिवसभरात लघवी फारच कमी झालीय. यातलं एकही ऐकलं की पाजण्याबद्दलचा सल्ला तिथेच थांबवायचा. 108ला फोन, आशाला फोन, आणि बाळ दवाखान्यात पोचलं का हे विचारायला तासाभरात परत फोन. आईला ताप आणि स्तनावर लाल, दुखरी गाठ असेल तर तिलाही दवाखान्यात पाठवा, पण पाजणं थांबवायला सांगू नका, थांबवल्याने गाठ वाढते.

बाळाबद्दल विचारताना आईबद्दल विचारायचं राहून जातं. बाळ झोपलं असतानाही हिला झोप लागत नाही, सारखं रडू येतं, बाळाकडे बघावंसं वाटत नाही, असं कळलं तर ते लहरीपणा म्हणून सोडू नका. ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत, हिंदीतही बोलतात. ती स्वतः लावणार नसेल तर तिच्या परवानगीने तुम्ही जोडून द्या.

एक गोष्ट लिहायला जड जाते, तरी लिहिते. फोन करण्याआधी दर वेळी आशाकडून खात्री करून घ्या की बाळ ठीक आहे. ज्या आईचं बाळ गेलं आहे तिच्या घरी ‘बच्चा दूध पी रहा है ना?’ असा फोन किंवा संदेश जाणं, यासारखा घाव नाही. यादी तुमच्याकडे असल्याने ही जबाबदारीही तुमच्याचकडे आहे. तिलाही फोन करा, पण वेगळा. तिला पान्हा फुटतच असतो, दुखत असतो, आणि त्याबद्दल तिच्याशी कोणीच बोलत नाही. गार पाण्याच्या पट्ट्या ठेव, फार दुखलं तर दुखणं हलकं होण्यापुरतंच थोडं काढून टाक, ताप आला तर दवाखान्यात जा, एवढं सांगा आणि ती बोलेल तेवढं ऐका.

राहिला मालवीचा प्रश्न. त्याचं उत्तर तुमच्या चौघींत नाही, त्या गावांतच आहे. प्रत्येक गावात अशी एक तरी बाई असते जिने नुकतंच आपल्या मुलाला वर्ष-दीड वर्ष व्यवस्थित पाजलंय, जिचं घरात चालतं आणि जिच्याशी इतर सुना बोलतात. आशा तिचं नाव एका क्षणात सांगेल. तिला हाताशी धरा. वर लिहिलेले प्रश्न तिच्याबरोबर बसून मालवीत करून घ्या, तिच्या तोंडून येतील तसे, आणि पहिले काही फोन शेजारी बसून ऐका. सुरुवातीला एकाच गावातल्या पाच-सहा आया घ्या, ज्यांची बाळं दोन महिन्यांच्या आतली आहेत किंवा ज्यांना नववा लागलाय. चाळीस नंबर एकदम घेतलेत तर महिन्याभरात पुन्हा ग्रुप होईल. एक वही ठेवा, तारीख, बाळाचं वय, काय विचारलं, काय सांगितलं, परत कधी फोन. ती दर महिन्याला आशा आणि एएनएमला दाखवा. म्हणजे चूक होत असेल तर लवकर दिसेल आणि त्यांनाही तुम्ही परक्या वाटणार नाही.

त्या बाईच्या फोनचं रिचार्ज मंडळाने भरावं आणि तिच्या वेळेचा मोबदलाही ठरवून द्यावा, सेवा म्हणून फुकट करून घेऊ नये. मंडळाच्या सभेत हा खर्च मांडाल तेव्हा मैत्रिणी कुरकुरतील. त्यांना त्या वहीतली पानं वाचून दाखवा.